२००३ की २००४

माझ्या फाइलमध्ये दोन तारखा अगदी जवळजवळ आहेत. १३ एप्रिल २०१७ ला कंपनीने माझ्यासाठी भरलेली ग्रीन कार्डची पिटिशन, म्हणजे आय-१४०, नामंजूर झाली. १७ जून २०१७ ला माझं लग्न झालं, एका अमेरिकन नागरिकाशी. मध्ये ६५ दिवस. हे ६५ दिवस कुठल्याही अधिकाऱ्याच्या डोळ्यांवर येणार, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पुढचं सव्वा वर्ष मी त्याच धास्तीत काढलं. आता सगळं पार पडलंय, म्हणून लिहितेय. आधीचा एक अर्ज नाकारला गेलाय आणि आता लग्नाच्या आधारावर दुसरा भरायचाय, अशा माझ्या ओळखीत तिघीचौघी आहेत. प्रत्येकीला फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदा सलग लिहून काढावं असं वाटलं.

आधी नकार कशामुळे आला ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून होतं. माझी बी.एस्सी. तीन वर्षांची, २००३ ची. त्यानंतर कॉम्प्युटरचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा, २००४ चा. ऑक्टोबर २०११ मध्ये एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, इथे अमेरिकेत आले तेव्हा या शिक्षणाची काहीच अडचण आली नव्हती. एच-१बीमध्ये शिक्षणाचं एक वर्ष कमी पडलं तर त्याच्या जागी कामाची तीन वर्षं धरतात, आणि माझ्याकडे सात वर्षांचा अनुभव होता. ग्रीन कार्डच्या ईबी-२ या नोकरीवर आधारलेल्या वर्गात ही सवलत नाही. तिथे अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची एकच, सलग पदवी लागते. तीन अधिक एक अशी बेरीज चालत नाही. भारतातली तीन वर्षांची पदवी इथल्या बॅचलर डिग्रीच्या बरोबरीची धरता येत नाही, हा निर्णय १९७७ च्या ‘मॅटर ऑफ शाह’ या प्रकरणातला. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचा. कंपनीच्या वकिलांना तो माहीत नसेल यावर माझा आजही विश्वास बसत नाही. पण मला कुणी सांगितलं नव्हतं.

अपील करायचं म्हटलं, तर तो हक्क माझा नव्हताच. पिटिशन कंपनीची, म्हणून अपीलही कंपनीनेच करायचं, तेही ३० दिवसांत. कंपनीने नाही म्हटलं. एच-१बीची सहा वर्षं सप्टेंबरअखेर संपत होती. सुट्टीवर भारतात घालवलेले ४६ दिवस त्यात परत जोडून मिळतात, ते मिळाले. म्हणजे १५ नोव्हेंबर २०१७ पर्यंत. आय-१४० मंजूर असतं तर ईबी-२ मधल्या भारतीयांच्या रांगेत उभं राहून तीन-तीन वर्षांनी एच-१बी वाढवत राहता आलं असतं. त्या वर्षी त्या रांगेत २००८ साली लागलेल्यांचा नंबर येत होता. पण उभं राहायलाही आय-१४० मंजूर लागतं, आणि माझं नव्हतं.

लग्नाचं म्हणाल, तर आम्ही २०१४ पासून बरोबर होतो. तो शाळेत विज्ञान शिकवतो. डिसेंबर २०१६ मध्ये त्याने मला विचारलं होतं आणि मी थांब म्हटलं होतं. त्याला दोन कारणं होती. आई-बाबांची तयारी नव्हती, हे एक. दुसरं, ग्रीन कार्ड मला माझ्या कामावर हवं होतं. आधी ते मिळू दे, मग लग्न, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको, असं माझं चाललं होतं. झालं नेमकं उलटं.

आम्ही वकीलबाई शोधल्या त्या कंपनीशी संबंध नसलेल्या, स्वतःच्या खर्चाने. पहिल्याच भेटीत त्यांनी लग्नाबद्दल काही विचारायच्या आधी नकाराचं पत्र मागितलं. मी ते पुढे केलं. चार पानं त्यांनी माझ्यासमोर सावकाश वाचली आणि विचारलं, “हे पात्रता कमी पडली म्हणून नाकारलंय, की तुम्ही काही खोटं सांगितलंत असा कुठे ठपका आहे?”

हा फरक मला तोपर्यंत ठाऊक नव्हता. पात्रता कमी पडली म्हणून आलेला नकार त्या एका दारापुरता असतो. लग्नाचं दार वेगळं आहे. नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला वार्षिक कोटा नाही, देशांप्रमाणे लागणारी सात टक्क्यांची मर्यादा नाही, रांग नाही. कायदेशीर तपासणी होऊन देशात आलेल्याचं स्टेटस मध्येच संपलं असेल, तरी या एका वर्गात ते पोटात घातलं जातं. पण आधीच्या अर्जात जाणूनबुजून खोटं सांगितलं असा निष्कर्ष निघाला असेल, तर तो ठपका जन्मभर मागे लागतो, लग्नाच्या अर्जातही. मग वेगळी माफी मागावी लागते आणि आपल्याला परत पाठवलं तर नागरिक जोडीदाराचे अतोनात हाल होतील हे सिद्ध करावं लागतं. आधीचा नकार खोट्या लग्नावरून आलेला असेल, तर तेवढीही वाट उरत नाही. त्यानंतर कुणाशी कितीही खरं लग्न केलं, तरी पिटिशन मंजूर होत नाही.

माझ्या पत्रात ठपका नव्हता. मी सुटकेचा श्वास सोडला तेवढ्यात बाईंनी विचारलं, “पण कंपनीने तुमच्या नावाने नेमकं काय पाठवलं होतं ते तुम्ही पाहिलंय का?”

मी पाहिलं नव्हतं. सहा वर्षांत मी माझ्या ग्रीन कार्डच्या अर्जाचं सहीच्या पानापलीकडे एकही पान पाहिलं नव्हतं. एचआरकडे मागितलं, तर ती कंपनीची कागदपत्रं आहेत असं उत्तर आलं. मग माहितीच्या अधिकारासारखाच इथला जो कायदा आहे, फोइया, त्याखाली मे महिन्यात सरकारकडे माझ्या फाइलची प्रत मागितली. त्याला पैसे पडले नाहीत. वेळ मात्र पडला, आणि तो आमच्याकडे नव्हता, म्हणून फाइल हाती यायची वाट न बघता अर्ज तयार करायला घेतला.

न्यू जर्सीत लग्नाच्या लायसन्ससाठी अर्ज केल्यावर ७२ तास थांबावं लागतं, आणि साक्षीदार लागतात. आमच्या बाजूने त्याची बहीण उभी राहिली. माझ्या बाजूने मी फोन लावून ठेवला होता. आईने घेतला नाही.

अर्जाचा गठ्ठा असा होता: त्याने माझ्यासाठी भरायचं आय-१३०, माझी माहिती देणारं आय-१३०ए, माझं आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा प्रत्यक्ष अर्ज, कामाच्या परवान्याचा आणि प्रवासाच्या परवानगीचा अर्ज, वैद्यकीय तपासणीचं डॉक्टरांनी दिलेलं बंद पाकीट आणि त्याचं आय-८६४. फी तेव्हा आय-१३० ची ५३५ डॉलर आणि आय-४८५ ची बोटांच्या ठशांसकट १,२२५ डॉलर होती. कामाच्या आणि प्रवासाच्या परवान्याला वेगळी फी नव्हती. २०२४ पासून सगळे आकडे बदललेत, त्यामुळे माझ्या आकड्यांवर कुणी चेक लिहू नये. आय-४८५ त्याच उन्हाळ्यात नवीन निघाला होता. आधीचा सहा पानांचा होता, आमच्या वाट्याला अठरा पानांचा आला. आय-८६४ म्हणजे मला पोसायची हमी. दोघांच्या घराला वर्षाला किमान २०,३०० डॉलर उत्पन्न लागत होतं, त्याचा पगार त्याहून बराच वर होता. ही हमी घटस्फोटानंतरही सुटत नाही, हे मी त्याला मुद्दाम वाचून दाखवलं. त्याने मान डोलावली आणि सही केली.

आय-१३० मध्ये एक प्रश्न आहे: या व्यक्तीसाठी याआधी आणखी कुणी पिटिशन भरली होती का? माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने सल्ला दिला की ती कंपनीची पिटिशन होती, तुझी नव्हे, शिवाय नाकारलीच गेली, तेव्हा ‘नाही’ लिहून मोकळी हो, उगाच कशाला उकरून काढतेस. असा सल्ला देणारे बरेच भेटतात आणि ते मनापासूनच सांगत असतात. पण सरकारकडे ती फाइल आहे, तिच्यावर माझं नाव आणि जन्मतारीख आहे. तिथे ‘नाही’ लिहिलं असतं, तर जो ठपका माझ्यावर कधी आलाच नव्हता तो मी माझ्या हाताने ओढवून घेतला असता. आम्ही ‘हो’ वर खूण केली, कंपनीचं नाव आणि निकालाची तारीख लिहिली, आणि ते चार पानी पत्र आपणहून जोडलं.

आता पुराव्यांकडे येते. इथे मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

लग्न खरं आहे हे दाखवायला सगळे सांगतात ते आम्हीही केलं होतं: बँकेत जोडखातं, विम्यात एकमेकांची नावं. पण हे सगळं जूननंतरचं. बाई म्हणाल्या, “लग्नानंतर केलेले कागद कुणीही करतं. तुमच्या बाबतीत नकाराच्या आधीचे कागद लागतील. जितके जुने, तितके बरे.”

होते की. जुलै २०१५ पासूनचं भाड्याच्या घराचं ॲग्रीमेंट होतं, दोघांच्या नावाचं. त्याच पत्त्यावर आलेली विजेची बिलं होती. माझ्या ऑफिसच्या २०१४ च्या फॉर्मवर अडीअडचणीला कुणाला कळवायचं त्या रकान्यात त्याचं नाव होतं. म्हणजे आम्ही लग्नाआधी दोन वर्षं एका घरात राहत होतो, हाच आमचा सगळ्यात भक्कम पुरावा. आणि हीच गोष्ट मी घरी दोन वर्षं लपवली होती. आई फोनवर विचारायची, “जेवलीस का, रूममेट कशी आहे?” आणि मी म्हणायचे, बरी आहे.

माझ्या जन्माच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोरा आहे, नुसतं ‘मुलगी’ लिहिलंय. म्हणून बाबांचं आणि आत्याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं, शाळा सोडल्याचा दाखला आणि त्याचं प्रमाणित भाषांतर हवं होतं. ते मागण्यासाठी मे महिन्यात घरी फोन केला तेव्हाच ठरवलं की आता सगळं सांगायचं. नकार, लग्न, आणि २०१५ पासूनचं घर. बाबा गप्प बसले. आई एवढंच म्हणाली, “म्हणजे कागदासाठी लग्न करतेयस.”

ज्या प्रश्नाची मला अधिकाऱ्याकडून भीती होती, तो पहिल्यांदा आईने विचारला, आणि तोही प्रश्न म्हणून नाही. मी तिला म्हटलं, अगं, कागदासाठी करायचं असतं तर डिसेंबरमध्येच हो म्हटलं असतं. तिने फोन बाबांकडे दिला.

बाबांनी तहसील कचेरीत जाऊन प्रतिज्ञापत्रं करून पाठवली, त्यांच्या आणि आत्याच्या सहीची. आईकडून काही आलं नाही. २० जुलैला आम्ही गठ्ठा पाठवला.

ऑगस्टमध्ये बोटांचे ठसे झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सप्टेंबर गेला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोइयाचं पाकीट आलं. आत एक सीडी. आमच्या लॅपटॉपला सीडीची सोय नव्हती, म्हणून तो शाळेतून जुना ड्राइव्ह घेऊन आला. जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही पान-पान पाहिलं. मध्ये मध्ये काळे पट्टे मारलेले. लेबर सर्टिफिकेशनच्या, म्हणजे पिटिशनच्या आधी कंपनीला श्रम खात्याकडून घ्यावी लागते त्या मंजुरीच्या, फॉर्मवर माझ्या शिक्षणाचा रकाना आला. पदवी: बॅचलर्स. पूर्ण केल्याचं वर्ष: २००४.

मी दोनदा वाचलं. पदवी २००३ ची, डिप्लोमा २००४ चा. कुणीतरी पदवीच्या पुढे डिप्लोम्याचं वर्ष घातलं होतं. त्यामुळे २००० ते २००४ अशी सरळ चार वर्षांची पदवी दिसत होती, जी माझ्याकडे नव्हती आणि जिच्यावाचून अर्ज टिकणार नव्हता. खाली, शेवटच्या पानावर, ‘वरील सर्व माहिती खरी आहे, खोटी ठरल्यास शिक्षेस पात्र’ या मजकुराखाली माझी सही.

ती सही मला आठवत होती. २०१६ मध्ये कंपनीच्या वकिलांच्या ऑफिसमधून ईमेल आली होती: सोबतच्या पानावर सही करून आजच स्कॅन पाठवा. सोबत एकच पान होतं. मी उभ्या उभ्या सही करून पाठवली होती.

त्या रात्री झोप लागली नाही. नकाराच्या पत्रात या वर्षाचा उल्लेख नव्हता; मार्कशीटवर तीन वर्षं स्पष्ट होती आणि त्यांनी तेवढ्यावरच निकाल दिला होता. म्हणजे कुणाच्या लक्षात आलंच नसेल. की आलं असेल आणि इंटरव्ह्यूसाठी राखून ठेवलं असेल? चूक कुणाचीही असो, सही माझी होती.

सकाळी बाईंना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “तुम्ही त्यांना खरं वर्ष कळवलं होतं, असं दाखवणारं काही आहे?” मी जुन्या ईमेल उपसायला बसले. ऑगस्ट २०१५ मधली एक सापडली. वकिलांच्या ऑफिसने माझ्याकडून प्रश्नावली भरून घेतली होती, ती जोडलेली. त्यात मी दोन ओळी वेगवेगळ्या लिहिल्या होत्या. बी.एस्सी., तीन वर्षं, २००३. पदव्युत्तर डिप्लोमा, एक वर्ष, २००४. सोबत मार्कशीटचे स्कॅन. त्या ईमेलकडे बघताना मला रडू आलं. खोटं ठरण्यासाठी ते जाणूनबुजून सांगितलेलं असावं लागतं, आणि मी खरं सांगितलं होतं याला तारीखवार पुरावा होता. बाईंनी माझ्याकडून दीड पानाचं निवेदन लिहून घेतलं, माझ्याच शब्दांत. सल्ला दिला तो हा: आधीच्या पिटिशनचा विषय निघाला की त्यांनी विचारायची वाट बघायची नाही, आपण सांगायचं. पकडले गेल्यावर केलेली दुरुस्ती आणि आपणहून केलेली दुरुस्ती यांचं वजन वेगळं असतं.

१५ नोव्हेंबरला एच-१बी संपलं. आय-४८५ प्रलंबित असल्यामुळे देशात राहायला हरकत नव्हती, पण कामाचा परवाना आला नव्हता, म्हणून नोकरीवर बिनपगारी रजा. प्रवासाची परवानगीही आली नव्हती, आणि तिच्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. डिसेंबरमध्ये आजी गेली. तिने मला दहा वर्षांची होईपर्यंत वाढवलं होतं. आजारी असल्याचं कळलं तेव्हा तातडीच्या परवानगीसाठी डॉक्टरांचं पत्र घेऊन सोमवारची वेळ मिळवली होती. शनिवारी रात्री बाबांचा फोन आला. सोमवारी मी गेले नाही. कामाचा आणि प्रवासाचा असा एकत्र परवाना जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोस्टाने आला.

आजीच्या तेराव्यानंतर आईने स्वतःहून फोन केला. म्हणाली, “तुझ्या त्या वकीलबाईंना माझं पत्र हवं होतं ना? काय लिहू?” मी म्हटलं, जे खरं आहे ते लिही. तिने वहीचं पान फाडून मराठीत लिहिलं, बाबांनी कुरियर केलं. मैत्रिणीने भाषांतर केलं, कारण स्वतःच्या अर्जासाठी आपणच भाषांतर केलेलं बरं दिसत नाही. आईने लिहिलं होतं की २०१६ पासून हा मुलगा तिला फोनवर ‘मित्र’ म्हणून माहीत होता, ती दोघं एका घरात राहतात हे तिला मे २०१७ मध्ये समजलं, तेव्हा तिला फार राग आला आणि ती लग्नाच्या दिवशी फोनवर आली नाही. सासू गेल्या त्या रात्री तो तासभर तिच्याशी फोनवर होता, त्याला मराठी येत नाही आणि तिला इंग्रजी, तरी त्याने फोन ठेवला नाही. एवढंच.

मला वाटलं, हे पाठवायचं कसं? इतर जोडप्यांकडे आईवडिलांची आशीर्वादाची पत्रं असतात. बाईंनी भाषांतर वाचलं आणि म्हणाल्या, एक शब्द बदलू नका.

इंटरव्ह्यूची तारीख आली ९ ऑगस्ट २०१८, नेवार्कच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या फेडरल इमारतीत. आदल्या रात्री आम्ही एकमेकांना प्रश्न विचारून तयारी केली नाही. बाईंनीच नको म्हटलं होतं. घोकलेली उत्तरं ऐकू येतात, आणि जोडप्याची उत्तरं जुळली नाहीत तर दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारतात. ‘स्टोक्स इंटरव्ह्यू’ म्हणतात त्याला, न्यूयॉर्कमधल्या १९७० च्या दशकातल्या एका खटल्यावरून. विसरलात तर आठवत नाही म्हणा, एवढंच त्यांनी आम्हाला बजावलं होतं.

अधिकारी पन्नाशीच्या बाई होत्या. उजवा हात वर करून शपथ झाली. कुठे भेटलात, त्याची आई कुठे राहते, मागच्या रविवारी काय केलंत. मागच्या रविवारी आमचं भांडण झालं होतं, गाडीच्या दुरुस्तीवरून. त्याने ते तसंच सांगितलं. मग माझ्या अठरा पानांवरचे हो-नाहीचे प्रश्न. मग त्या म्हणाल्या, “तुमच्यासाठी आधी एक पिटिशन झाली होती.”

“हो, आणि तिच्यातल्या एका फॉर्मवर एक वर्ष चुकीचं आहे. त्यावर माझी सही आहे. मला ते दुरुस्त करायचंय.” हे वाक्य मी दहा महिने मनात म्हणत होते, तरी आवाज कापला. सोबत आलेल्या वकीलबाईंनी निवेदन आणि २०१५ ची ईमेल पुढे सरकवली.

अधिकारीबाईंनी शेजारची जाड फाइल उघडली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “२००३ की २००४?”

“पदवी २००३. डिप्लोमा २००४.”

“सही तुमची?”

“हो.”

“वाचून केलीत?”

“नाही. मला फक्त सहीचं पान आलं होतं. पण मी पूर्ण फॉर्म मागायला हवा होता.”

त्यांनी ईमेलवरची तारीख पाहिली, प्रश्नावली पाहिली, काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या. मग विचारलं, “नकार एप्रिलमध्ये, लग्न जूनमध्ये. नकार आला नसता तर लग्न कधी केलं असतं?”

मी म्हटलं, “बहुतेक पुढच्या वर्षी. घरच्यांची तयारी झाल्यावर.” वकीलबाईंकडे बघायचं मी टाळलं. पण त्यांनीच मला समजावलं होतं की लग्न करताना एकत्र संसार करायचा इरादा होता का, हे कायदा बघतो. व्हिसामुळे तारीख अलीकडे आणली म्हणून लग्न खोटं ठरत नाही. तारखेचं दुसरं काहीतरी गोड कारण रचायला गेलं, तर मात्र खऱ्या लग्नावरही संशय येतो.

नवरा म्हणाला, “मी २०१६ च्या डिसेंबरमध्ये विचारलं होतं. हिने थांबायला सांगितलं.”

त्यांनी २०१५ चं घराचं ॲग्रीमेंट बाजूला काढलं. मग आईचं पत्र हातात घेतलं. आधी मराठी पान बघितलं, नुसतंच, मग भाषांतर वाचलं. विचारलं, “आता बोलते का आई?”

“रोज,” मी म्हटलं.

निर्णय पोस्टाने येईल असं सांगून त्यांनी आम्हाला सोडलं. चौथ्या दिवशी स्टेटस बदललं, कार्ड छापायला गेलं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती, म्हणून दोन वर्षांचंच, सशर्त. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून लग्न टिकलंय हे पुन्हा दाखवावं लागतं. आमची ती मुदत २०२० च्या महामारीत आली. पोचपावतीवर कार्डाची मुदत अठरा महिन्यांनी वाढवून मिळाली, इंटरव्ह्यू न होताच दहा वर्षांचं कार्ड आलं.

त्या गठ्ठ्यासाठी फोटो निवडताना २०१९ चा एक निघाला. आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडे आले होते तेव्हाचा, स्वयंपाकघरातला. आई त्याला पोळी लाटायला शिकवतेय आणि दोघांचे हात पिठात आहेत. तेव्हा दुकानातून प्रती काढून आणल्या होत्या, त्यातली एक मी उलटी केली. मागे आईच्या अक्षरात तारीख होती. दिवस, महिना, वर्ष, आणि खाली आमच्या घराचा पत्ता.